कुलूपकाका आणि पाच दारं

कुलूपकाका अजून जिवंत आहेत आणि चांगले ठणठणीत आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मनसोक्त वाईट बोलायला मी मोकळी आहे. माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलंच बोलावं लागतं. तोवर थांबले तर सगळं माझ्या पोटातच राहील, आणि पोटात ठेवायची सवय आमच्या घरात माझ्या नवऱ्याला आहे, मला नाही.

आमची इमारत उंच आणि अरुंद. एका मजल्यावर एकच घर. तळमजल्यावर मागच्या बाजूला कुलूपकाका आणि काकू. पहिल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाई. दुसऱ्यावर बँकवाले, नवरा-बायको दोघंही बँकेत. तिसऱ्यावर आम्ही दोघं. चौथ्यावर इमारतीचे मालक, एकटेच. जिना एक, दारं सगळी तपकिरी आणि एकसारखी. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. तिथे मालकांनी मोडकी कपाटं कोंबली होती.

काकांचं दुकान जिन्याखालच्या खोपट्यात. किल्ल्या कापायचं मशीन, लोखंडाचा चुरा, आणि दुपारी असा उकाडा की पापड वाळावेत. माणूस अंगाने काटकुळा, आवाजाने दणदणीत. कुलूप दुरुस्त करताना त्याला कान लावून डोळे मिटायचे. "माझं कुलूप म्हणजे सख्खा भाऊ," असं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे, "घरातलं बाहेर जाऊ देणार नाही." चमडी देतील पण दमडी देणार नाहीत अशातली गत. आणि एखादी बाई किल्ली विसरून घराबाहेर अडकली की त्यांच्या अंगात यायचं. आधी हातातला चहा संपवायचा, मग चार माणसांत विचारायचं, "काय सूनबाई, नवऱ्याने हाकललं वाटतं?" दार उघडून दिलं की आत डोकावून घ्यायचं. मी यांची सून कधी झाले, हे मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या वर्षी बँकवाल्यांकडे चोरी झाली. चोराने टीव्ही नेला आणि रिमोट ठेवून गेला. त्या रिमोटकडे बघून बँकवाली जेवढी रडली तेवढी टीव्हीसाठी रडली नाही. लगेच जिन्यात सभा भरली. काका मधल्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "पाचही दारांना नवं लॅच बसवून देतो. घरच्या भावात. खास कारखान्यातला माल आहे, बाजारात शोधून सापडायचा नाही."

हे अगदी खरं होतं. तसला माल बाजारात कोणी विकलाच नसता. एका बंद पडलेल्या कारखान्याने आपल्या खोल्यांसाठी ती लॅच मुद्दाम एकाच किल्लीची करून घेतली होती, म्हणजे पहारेकऱ्याला जुडगा वागवायला नको. काकांनी तो सगळा लॉट भंगारातून उचलला. प्रत्येक किल्लीवर एकच नंबर होता, तो त्यांनी बसून घासून काढला. मी विचारलंसुद्धा, किल्लीच्या डोक्यावर हे खरवडलेलं कशाचं? तर म्हणाले, "गंज होता सूनबाई, साफ करून दिला." नव्या मालाला गंज कुठून आला हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मला रस्त्यापलीकडचं माझं पार्लर उघडायला उशीर होत होता.

तर पाच घरं, पाच दारं आणि किल्ली एक. कोणाला कळणार? आपली किल्ली शेजाऱ्याच्या दाराला लावून बघतो कोण? काकांचा हिशोब एवढा साधा होता. माणसांना ओळखण्यात मात्र त्यांची तेवढी चूक झाली.

थोड्याच दिवसांत इमारतीत भुतं शिरली. माझ्या कोल्ड क्रीमची डबी आपोआप उतरायला लागली. साखर संपायची. न्हाणीघरातला टॉवेल आम्ही दोघं बाहेर असतानाही ओला व्हायचा. सोफ्याचा पंख्याखालचा कोपरा खचला. मी नवऱ्याला धारेवर धरलं. "तुम्ही लावता का हो माझी क्रीम?" तर हे म्हणाले, "मी ती लावून काय करू? दिवसभर गाडी शिकवतो मी." बँकवालीने सासूवर संशय घेतला. सासू दुसऱ्या गावात राहते, पण संशयाला अंतर आडवं येत नाही. ज्याने त्याने आपल्याच माणसाशी भांडून घेतलं, आणि दाराकडे कोणी बघितलं नाही.

आता यांच्याविषयी. माझा नवरा मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली तरी "हरकत नाही, पुन्हा बघू" म्हणणारा माणूस. आयुष्यात त्याने आवाज चढवला तो एकदाच, आणि तोही नेमका साक्षीदारांसमोर. मालकांच्या न्हाणीघरातलं पाणी आमच्या स्वयंपाकघरात ठिबकायचं, थेट गॅसच्या शेगडीवर. सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी एकदा मालक जिन्यात भेटले तेव्हा हे ओरडले, "एक दिवस मी तुमचा जीव घेईन!" सगळ्यांची दारं उघडी होती. नसती तरी सगळ्यांनी ऐकलं असतं.

त्यानंतर आठवडा झाला नसेल. मी पार्लरमध्ये होते. हे दुपारी जेवायला घरी आले, दार उघडलं, तर आमच्या सोफ्यावर मालक. चपला दाराशी नीट लावलेल्या, चष्मा टीव्हीवर काढून ठेवलेला, डोकं सोफ्याच्या लाकडी हातावर आपटून कपाळाला खोक पडलेली, आणि माणूस गेलेला. मागून कळलं की ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धुरकट, म्हणून कठडा धरून अंदाजाने वर आले आणि एक मजला आधीच थांबले. किल्ली लावली. लागली. आत येऊन पडले.

पण हे आज सांगते. तेव्हा पोलिसांना एवढंच दिसत होतं की दार फोडलेलं नाही, कपाळाला जखम आहे, आणि घरात जीव घ्यायची धमकी दिलेला माणूस उभा आहे. हे म्हणाले, "साहेब, ते मजला चुकले असतील." इन्स्पेक्टरने यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "माणूस मजला चुकेल हो. कुलूपसुद्धा चुकलं का?"

यांना घेऊन गेले. कपाळावरच्या मारामुळे मेले की हृदय बंद पडून, ते डॉक्टरांचा अहवाल आल्यावर ठरणार होतं; पण दार कोणी उघडलं याचं उत्तर यांच्याकडे नव्हतं, आणि ते मिळाल्याशिवाय यांना सोडणार नव्हते. चौथा मजला पोलिसांनी सील केला. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. दुसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत सगळ्यांनी धमकीचं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. मास्तरीणबाईंनी तर त्यात यांच्या उच्चाराची चूकही काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी यांना डबा देऊन परत येत होते. कोठडीतल्या माणसाला बघून आलेल्या बाईचं लक्ष पायऱ्यांवर नसतं. किल्ली लावली, दार उघडलं, आणि समोर हा भलामोठा नवा टीव्ही. आमच्याकडे भलामोठा टीव्ही नाही. त्याच्यासमोर मास्तरीणबाई गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून मालिका बघत बसलेल्या. मी बँकवाल्यांच्या घरात उभी होते, आणि त्याही बँकवाल्यांच्याच घरात बसल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "दार लाव ना गं, आवाज बाहेर जातो."

"तुम्ही आत कशा आलात?"

"तू कशी आलीस?"

मी हातातल्या किल्लीकडे बघितलं. त्यांनीही बादलीशेजारची आपली किल्ली माझ्यासमोर धरली. दोन्ही किल्ल्या डोक्यावर सारख्याच खरवडलेल्या. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? माझा नवरा तिथे गजाआड बसलाय आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माझी किल्ली इथे लागते एवढंच मला माहीत. बाकीच्यांचं मी काय सांगू?"

"मग एवढंच सांगा. चला पोलीस चौकीत."

त्यांनी पाय बादलीतून काढून पुसायला सुरुवात केली. बँकवाल्यांच्या टॉवेलने. "मुलांना जन्मभर मी खरं बोलायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "म्हणून तर यायचं नाही. तिथे खरं बोलावं लागेल."

मी तशीच खाली धावले. इथे माझं चुकलं. तोंड मिटून सरळ इन्स्पेक्टरकडे जायला हवं होतं. पण जीभ आवरली नाही. मी काकांच्या दुकानापुढे उभी राहून बडबडले, की उद्या इन्स्पेक्टरना आणते आणि पाचही दारांना एक किल्ली लावून दाखवते.

काकांनी मशीन बंद केलं. जरासुद्धा गडबडले नाहीत. "किल्ली लागते ना? मग कुलूप चांगलंच आहे. दुसऱ्याच्या दाराला लावा असं मी कोणाला सांगितलं होतं का, सूनबाई?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या मिनतवारीने मी इन्स्पेक्टरना घेऊन आले. त्यांनी मालकांच्या खिशातली किल्ली आमच्या दाराला लावली. आत गेली, पण फिरेना. मी माझी लावली. तीही फिरेना. तेवढ्यात काका वर आले, हातात नवी कोरी किल्ली. "अहो सूनबाई, तुम्ही चौकीत होतात ना, म्हणून सांगायचं राहिलं. सगळ्यांची लॅच बदलून दिली. एवढा खून झाला इमारतीत, म्हटलं आपलंही काही कर्तव्य आहे. फुकट हो!"

फुकट! या माणसाने आयुष्यात कोणाला फुकट नमस्कार केला नव्हता. जुनी लॅच कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. बँकवाले नवीन किल्ली हातात धरून म्हणाले, "नाही बुवा, आमची किल्ली आमच्याच दाराला." मास्तरीणबाईंनी मान हलवली. सगळ्यांचे चेहरे इतके निरागस की मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"सील केलेलं दार बदललेलं नाही," मी ओरडले. "माझी जुनी किल्ली मालकांच्या दाराला लावा!"

इन्स्पेक्टर वर गेले, सील बाजूला केलं, माझी किल्ली लावली. दार उघडलं. मी जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं. इन्स्पेक्टर मात्र माझ्याकडे बघत होते. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मयताच्या घराची किल्ली तुमच्याकडे होती."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मागे काका जिभेने चक् चक् करत उभे होते, "अरेरे, काय हे, अरेरे." किल्ली माझ्या हातात परत देताना इन्स्पेक्टर म्हणाले, "जपून ठेवा, लागेल." मला वाटतं त्यांना ती पुढे माझ्याविरुद्ध लागेल असं म्हणायचं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. चौकीत हे गजाआडून विचारायचे, "तू जेवलीस का?" त्यांच्या समोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पार्लर बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. आणि अशात एका सकाळी काकू पार्लरमध्ये आल्या. भाचीचं लग्न होतं आणि त्यांना भुवया कोरून हव्या होत्या. माझ्याकडून! शरम विकून खाल्ली होती त्या घराने. मी खुर्ची मागे केली, पावडर लावली, दोरा दातांत धरला.

भुवया करताना बाई डोळे मिटून पडलेली असते आणि तिला गप्प बसवत नाही. उजवी भुवई होईस्तोवर काकूंनी भाचीच्या सासरच्या सगळ्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. मग मी सहज विचारलं, "नवं लॅच कसं आहे हो तुमचं? आमचं जरा अडकतं."

"आमच्या दाराला कुठलं नवं बसवायला? आमचं तेच आहे जुनं. हे म्हणाले, आपल्या दाराशी कोण मरायला येतंय, चांगलं लॅच उगाच कशाला घालवायचं?"

दोरा माझ्या हातातच थांबला. काकूंनी एक डोळा उघडला. मी म्हटलं, "पडा निवांत, चेहऱ्याला लेप लावते. फुकट." फुकट म्हटल्यावर त्या घरातलं माणूस हलत नाही. चेहराभर लेप, डोळ्यांवर कापूस, आणि मी रस्ता ओलांडून इमारतीत.

काका दुकानात मशीनवर वाकलेले. मी मागून गेले आणि माझ्या जुन्या किल्लीने त्यांचं दार उघडलं. ती फिरली. आत जाऊन मी पंखा पूर्ण जोरात लावला, सगळे दिवे लावले, रेडिओ मोठ्याने लावला आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. स्वतःच्या घरची वीज जळतेय हे त्या माणसाला कुठूनही कळलं असतं.

धावत आले. मला बघितलं आणि जिन्यात जाऊन बोंब ठोकली, "चोर! चोर! घरात घुसली!" सगळी इमारत गोळा झाली. मी जागची हलले नाही. काकांनी स्वतःच्या हाताने पोलिसांना फोन लावला, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, ते ओरडून सांगत होते, "किल्ली लावून आली साहेब! तिच्या स्वतःच्या घराची किल्ली माझ्या दाराला लावून आत आली!"

इन्स्पेक्टर आले ते वैतागलेले. पण ते वाक्य फोनवर ऐकूनच आले होते. त्यांनी दार ओढून घेतलं, माझी किल्ली लावली, उघडलं. पुन्हा ओढलं, पाकिटातून मालकांची किल्ली काढली, लावली, उघडलं. तिसऱ्यांदा काकांची स्वतःची लावली. मग ते बँकवाल्यांना म्हणाले, "आता बोला, तुमची किल्ली तुमच्याच दाराला होती ना?" बँकवाले पायांकडे बघायला लागले. बँकवाली एकदम म्हणाली, "मी फक्त क्रीम घ्यायचे हो," आणि तोंडावर हात धरला.

"म्हणजे मालक स्वतःच आत आले असणार," इन्स्पेक्टर म्हणाले. मग काकांकडे वळले. "पण मग आणखी कोणीही आत गेलं असेल. आणि पाचही दारांना एक किल्ली लागते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

काकांचा चेहरा मी कधीच असा बघितला नव्हता. त्यांना वाटलं, आता खून आपल्या गळ्यात येतोय. "मी हात नाही लावला साहेब! शप्पथ! मी बाहेर पडलो तेव्हा ते चांगले जिवंत होते!"

"म्हणजे गेला होतात."

"दुपारचं दुकान फार तापतं हो. यांचा पंखा चांगला आहे, म्हणून जरा पाठ टेकायला जायचो. त्या दिवशी गेलो तर मालक सोफ्यावर. घामाने भिजलेले, छाती धरलेली. मला म्हणाले, पाणी दे."

"मग?"

"मग मी दार ओढून घेतलं."

माझ्या तोंडातून त्यांच्यासाठी पहिल्यांदाच अरे-तुरे निघालं. "पाणी तरी दिलंस का रे त्यांना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आश्चर्य होतं, खरंखुरं आश्चर्य. आपल्याला असं कसं विचारतात म्हणून. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात आपण कसं पाणी देणार?"

यांना त्याच संध्याकाळी सोडलं. अहवालही तसाच आला, हृदयाचा झटका, डोकं नंतर आपटलेलं. काकांवर खटला चालू आहे, पण ते जामिनावर बाहेर आहेत, दुकान चालू आहे, आणि लोक किल्ल्या करून घ्यायला त्यांच्याकडेच जातात, कारण स्वस्त पडतं. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत. इमारतीची अब्रू मी चव्हाट्यावर मांडली म्हणे.

घरी आल्यावर मी यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकून हे म्हणाले, "त्या दिवशी जेवणाआधीची शिकवणी लांबली नसती तर मी वेळेवर पोचलो असतो गं. पाणी दिलं असतं मी त्यांना." आणि एवढा मोठा माणूस सोफ्यावर बसून हुंदके देऊन रडायला लागला. कोठडीत रडला नव्हता. मी शेजारी बसून राहिले. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. मला फक्त राग येतो.